रात्रपाळी

मेयोत एकतीस वर्षं रात्रपाळी केली.
निवृत्त झाले, पण डोळ्यांना कुणी कळवलं नाही.
दोनला जाग येते, खिडकीत बसते.
खाली इद्रीसभाईंचा तबेला:
टिनाचं छप्पर, वरातीच्या तीन घोड्या
आणि म्हातारा कप्तान,
पाचपावलीतला शेवटचा टांगा ओढून झाल्यावर
नुसता उभा असलेला.

खरं सांगते, मला तो तबेला नको होता.
माशा, लीद,
लग्नसराईत पहाटे परतणाऱ्या टापा.
महानगरपालिकेत तीन अर्ज दिले मी,
पोच घेऊन,
वाचता येईल अशा अक्षरात.

मार्गशीर्षात मोसंबीची शेपटी गेली.
मोसंबी, म्हणजे ती फिकट पिवळी, मानाची.
रात्री कुणीतरी शिरलं,
मुळापासून केस कापून नेले,
जाता जाता मांडीवर एक चिरा.
"किलोनं जातात केस," देवाजी म्हणाला,
"बुरुशवाले घेतात ना बाप्पा."
मी चपला न घालता खाली गेले.
टाके घालता आले असते, हात विसरत नाही,
पण ते काम गुरांच्या डॉक्टरचं.
मी तिचा कान धरून उभी राहिले.
भूल उतरताना पेशंट कापतो
तशी कापत होती.

"ठाण्यात गेलतो बाई," इद्रीसभाई म्हणाले,
"साहेब म्हणे, शेपटीचा पंचनामा कसा करू?"
आणि हसले,
तोंड भिंतीकडे करून.

तबेल्याच्या ओट्यावर वही मीच उघडली.
रात्री जागं कोण असतं, विचारलं.
आम्रपाली, एमपीएससीचा अभ्यास, तीनपर्यंत दिवा.
देवाजी निखारे, तर्रीचे चणे तीनलाच चुलीवर.
हेमराज मौंदेकर कोराडीची पाळी संपवून दीडला गल्लीत.
जागे तर सगळेच होतो,
एकमेकांना ठाऊक नव्हतं, इतकंच.

एक शिट्टी म्हणजे पाहून राह्यलो,
दोन म्हणजे खाली या.
हात कुणी उचलायचा नाही, गाडीचा नंबर लिहायचा.
घोड्याच्या डोळ्यात टॉर्च मारायचा नाही:
हा नियम महजबीनचा,
इद्रीसभाईंची नात, वय नऊ.

१२.४० कुत्रं.
२.०५ कप्तान उभ्यानं झोपला, कान जागा.
२.१५ कान वळला. पांढरी ओमनी, दिवे बंद.
दोन शिट्ट्या. सात खिडक्या उजळल्या.
ओमनी आली तशी मागे गेली.
अर्धा नंबर आम्रपालीनं घेतला, अर्धा हेमराजनं.
२.५० चहा. साखर देवाजीची.

या वेळी ठाण्यात साहेबांनी लिहून घेतलं.

मग माघात एक कागद आला.
इद्रीसभाईंनी तो माझ्याकडेच आणला:
"सरकारी मराठी कळत नाही, तुम्ही वाचा."
वाचला.
विषय, तबेला हटवण्याबाबत.
संदर्भ, अर्ज क्रमांक एक, दोन, तीन.
मुदत, तीस दिवस.
अर्जदाराच्या नावाशी आवाज बसला,
तरी वाचलं: वत्सला नामदेव रामटेके.

बाहेर मोसंबी फुरफुरली.
"माहीत आहे बाई," ते म्हणाले,
"पहिल्या अर्जालाच शिपायानं सांगितलं होतं."
म्हणजे ओट्यावर बसलो होतो त्या दिवशी,
स्वतःच्या गळ्यातली शिट्टी काढून
माझ्या हातात ठेवताना
त्यांना माहीत होतं.

चौथा अर्ज रात्रीच लिहिला.
तीन ओळी खोडल्या, कागद बदलला, पुन्हा लिहिला.
पोच मिळाली. उत्तर नाही.
मुदतीतले अकरा दिवस गेलेत.
मोसंबीचे केस बोटभर आलेत, खरबरीत,
माशी हाकलायला अजून पुरत नाहीत,
म्हणून संध्याकाळी मी फडकं घेऊन बसते.

आज माझी पाळी दोन ते चार.
२.२० कप्तानचा कान वळला.
पाहिलं.
मीच होते, जिन्यावर.